मुंबईच्या हवेत सफरचंद आणि पफ पेस्ट्री: पाणी सांभाळलं की पदर सुटतात

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात घरी भाचीचं केळवण, दहा-बारा माणसं जेवायला, आणि शेवटी श्रीखंडाऐवजी सफरचंद आणि पफ पेस्ट्रीचं, म्हणजे खारीसारखे पदर सुटणाऱ्या पिठाचं, काहीतरी देखणं द्यायचं मनात आहे. त्यांनी सफरचंदाचे गुलाब, म्हणजे पेस्ट्रीच्या पट्टीवर चकत्या लावून गुंडाळलेले, करून पाहिले. वरून छान दिसले, पण आतलं पीठ कच्चं राहिलं आणि ट्रेमध्ये बटर वाहून आलं. घरात साधा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे, एसी फक्त बेडरूममध्ये. पेस्ट्रीची तयार शीट विकत आणायची की घरी करायची, सफरचंद कोणतं घ्यायचं, आणि मुंबईच्या हवेत हे जमतं तरी का, असं त्यांनी विचारलंय.

जमतं, आणि अगदी चांगलं जमतं. मी दादरला घरगुती ऑर्डरींसाठी वर्षभर, भर पावसाळ्यातही ही पेस्ट्री करते, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींच्या हातूनही ती नीट होते. पण परदेशी कृती जशीच्या तशी उचलली तर फसगत ठरलेली. तिकडच्या कृतीत ‘खोलीच्या तापमानाला’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ती खोली १८-२० अंशांची असते. आपल्या ओट्याजवळ डिसेंबरच्या दुपारीही सहज ३० अंश असतात. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पूर्ण वितळतं. लाटता येईल इतपत घट्ट आणि तरी लवचिक असं ते साधारण १३ ते १६ अंशांतच राहतं. म्हणजे फ्रीजबाहेर काढल्यावर आपल्या हाताशी पाच-सात मिनिटंच असतात.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. सफरचंदात वजनाच्या सुमारे ८५ टक्के पाणी असतं. बटरमध्येही १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, आणि मैदा तर आपण पाण्यातच भिजवतो. पीठ आणि बटर यांच्यातलं पाणी आपल्या कामाचं. भट्टीत त्याची वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते, आणि तिच्या जोरावर पदर एकमेकांपासून उचलले जातात. चिरोट्याला आपण साटा लावतो तेच काम इथे बटर करतं. दोन पदर चिकटू देत नाही, मग वाफेला त्यांच्यामधून वाट मिळते. सफरचंदातलं पाणी मात्र पेस्ट्रीवर सुटलं की खालचे पदर भिजतात आणि भिजलेलं पीठ कितीही भाजा, फुलत नाही. त्यामुळे पिठातलं पाणी जपायचं आणि फळातलं आधीच काढून टाकायचं. पुढे जे सांगते ते बहुतेक याच दोन कामांसाठी आहे.

आधी शीटचं बघू. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फ्रोझन शीट आणि बेकरीत मागितल्यावर मिळणारं खारीचं पीठ वनस्पती चरबीचं, म्हणजे मार्गारीनचं असतं. पाकिटावर घटक वाचा, व्हेजिटेबल फॅट किंवा पाम ऑइल लिहिलेलं दिसेल. ते वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे खाद्यतेलं आणि चरबीत हृदयाला घातक असं कारखानी ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे ती जुनी भीती बरीच कमी झाली आहे. मार्गारीन उशिरा वितळतं, म्हणून मुंबईच्या उकाड्यात लाटायला सोपं जातं आणि पदरही टरारून फुलतात. उणीव चवीत आहे. बटर तोंडात विरघळतं, मार्गारीनचा थर टाळूला चिकटून राहतो, आणि पदार्थ गार झाल्यावर हे जास्त जाणवतं. सफरचंद हलक्या चवीचं फळ आहे, ते या थराखाली दबून जातं. तेव्हा गुलाबांसारखा प्रकार विकतच्या शीटवर खुशाल करा, पण ज्यात पेस्ट्रीची स्वतःची चव लागते तो पातळ टार्ट, म्हणजे पेस्ट्रीच्या गोल तबकडीवर फळाच्या चकत्या रचून भाजलेला प्रकार, बटरच्या पिठाचाच करा. बटरची तयार शीट कुठे मिळाली तर घ्या. महाग पडते, पण पहिल्या खेपेला अर्धी काळजी मिटते.

घरी करणार असाल तर प्रमाण असं. २५० ग्रॅम मैदा, १२० मिलीलीटर फ्रीजमधलं गार पाणी, ३० ग्रॅम वितळवून निववलेलं बटर, एक छोटा चमचा लिंबाचा रस. घडीसाठी वेगळं २०० ग्रॅम बटर. आपलं नेहमीचं पिवळं टेबल बटर खारट असतं, ते वापरलंत तर पिठात मीठ घालू नका. बिनमिठाचं असेल तर अर्धा छोटा चमचा मीठ घाला. मैदा मळत बसू नका. गोळा जमला की थांबा, वरून खडबडीत दिसला तरी चालेल. जास्त मळलं की लाटताना पीठ मागे खेचतं आणि भट्टीत गोलाचा अंडाकार होतो. चपटं करून, झाकून फ्रीजमध्ये तासभर ठेवा.

२०० ग्रॅम बटर दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकत ठोकत १५ सेंटीमीटरचा चौकोन करा. इथे एक परीक्षा आहे ती चुकवू नका. चौकोन उचलून हलकेच वाकवा. तो वाकला पाहिजे. तुटला तर अजून फार गार आहे, लाटताना पिठाखाली त्याचे तुकडे होतील आणि तिथे पदर एकमेकांना चिकटतील. बोटाचा ठसा खोल उमटला तर फार मऊ आहे, परत फ्रीजमध्ये. पिठाला हात लावला तर तेही तेवढंच घट्ट लागलं पाहिजे. पीठ आणि बटर सारख्याच कडकपणाचे असले की लाटण्याखाली दोन्ही एकत्र पसरतात.

पीठ २२ सेंटीमीटरचं चौकोनी लाटा, बटरचा चौकोन त्यावर तिरका ठेवा, चारही कोपरे मध्यभागी आणून पाकीट बंद करा. आता एकाच दिशेने रुंदीच्या तिप्पट लांब लाटा आणि पत्राची करतो तशी तीनपदरी घडी घाला. ही एक घडी झाली. पाव वळण देऊन पुन्हा. फ्रेंच पद्धतीत अशा ६ घड्या घालतात, म्हणजे बटरचे ७२९ पदर. मुंबईत मी ५ वर थांबते, २४३ पदर होतात, आणि घरच्या पदार्थाला ते पुरून उरतात. सहाव्या घडीला पदर इतके पातळ होतात की गरम हवेत बटर पिठात मुरायची भीती जास्त, फायदा कमी. तिकडे दोन घड्या एका दमात घालतात. आपण प्रत्येक घडीनंतर ४० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचं. वेळ जातो, पण त्यात प्रत्यक्ष काम फारच थोडं असतं.

तुमच्याकडे बेडरूममध्ये एसी आहे ना, मग लाटायचं काम तिथेच करा. घडीचं टेबल किंवा स्वच्छ पुसलेली अभ्यासाची जागा चालते. एसी अर्धा तास आधी १८ अंशांवर लावा. ओट्यावरच करायचं असेल तर रात्री उशिरा किंवा पहाटे, गॅस पेटलेला नसताना. ग्रॅनाइटवर बर्फाची पिशवी दहा मिनिटं फिरवून ठेवा, मग कोरडं पुसून घ्या. दगड गार झाला की पीठही बराच वेळ गार राहतं. पंखा मात्र बंद, नाहीतर पिठावर पापडी धरते.

पदर राहिलेत की नाही हे भाजण्याआधीच कळतं. शेवटच्या घडीनंतर धारदार सुरीने कडेची बोटभर पट्टी कापा आणि कापलेली बाजू उजेडात धरा. पांढऱ्या-पिवळ्या बारीक रेघा एकाआड एक दिसल्या तर काम झालं. सगळी बाजू एकसारखी फिकट पिवळी आणि थोडी चमकदार दिसली तर बटर पिठात मुरलं आहे. असं पीठ फुलणार नाही, पण ते टाकू नका. पातळ लाटून साखर पेरून बिस्किटं करा, चांगली होतात.

आता सफरचंद. ऑगस्टपासून हिमाचलचा माल, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून काश्मीरचा, आणि पुढे वर्षभर शीतगृहातला आणि परदेशी, असं मुंबईच्या बाजाराचं चक्र. वाशीच्या घाऊक बाजारात गेलात तर निवडीला वाव मिळतो, पण दादर किंवा क्रॉफर्ड मार्केटातही हवं ते मिळतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त येतं ते रॉयल डिलिशस, खाली टोकदार, गडद लाल. ते गोड आहे पण आंबटपणा कमी, आणि शिजवलं की लवकर मऊ पडतं. आंबट फळातलं आम्ल पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला सहज सुटू देत नाही, म्हणून आंबट हिरवं ग्रॅनी स्मिथ भट्टीतही आपला आकार राखतं. पिवळं गोल्डन डिलिशस या दोघांच्या मधलं, आकारही धरतं आणि चवही गोलाईची. मोठ्या फोडींच्या पदार्थाला मी अर्धं ग्रॅनी स्मिथ आणि अर्धं गोल्डन घेते. गुलाबांना मात्र रॉयलच. गुलाबाचं सौंदर्य लाल सालीत असतं आणि रॉयलच्या चकत्या लवकर वाकतात. लिंबाच्या रसाने त्या सालीचा लाल रंगही उजळ राहतो.

विकत घेताना एक फळ तिथेच कापून बघायला सांगा. ओळखीचा फळवाला हो म्हणतो. ताज्या फळाची फोड सुरीबरोबर कडकन सुटते आणि कापलेल्या जागी रस चमकतो. शीतगृहात फार दिवस राहिलेलं फळ सुरीखाली भुसभुशीत लागतं आणि कापलेली बाजू कोरडी, पिठूळ दिसते. ते कितीही लाल असलं तरी घेऊ नका, भट्टीत त्याचा लगदाच होईल. परदेशी फळावर मेणाचा थर असतो, साल वापरणार असाल तर कोमट पाण्यात चोळून धुवा.

फळातलं पाणी आणि त्याचा मऊपणा, दोन्ही आवरायची एक युक्ती सांगते, फोडी मोठ्या असतील तेव्हाची. सोललेल्या फोडींवर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवा, दहा मिनिटांनी निथळून घ्या. फोडी ६०-७० अंशांच्या आसपास काही वेळ राहिल्या की फळातलंच एक एन्झाइम पेक्टिनला बळकटी देतं आणि पुढे भट्टीत त्या विरघळत नाहीत. निथळल्यावर स्वच्छ पंचावर पसरून पूर्ण गार आणि कोरड्या होऊ द्या.

गुलाबांचं काय चुकलं असेल ते आता सांगता येतं. पट्टी जाड, चकत्या ओल्या आणि भट्टी कमी तापलेली, या तिन्हींपैकी काहीतरी, बहुधा तिन्ही. गुलाबात पेस्ट्री गुंडाळलेली असते, तिच्या आतल्या वेढ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो आणि वरच्या पाकळ्या तोवर करपतात. म्हणून पट्टी २ मिलिमीटरपेक्षा जाड नको, २५ सेंटीमीटर लांब आणि ५ रुंद. चकत्या बी काढलेल्या अर्ध्या फळाच्या, दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या. स्लायसर असेल तर उत्तम. अर्धा लीटर पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून उकळी येण्याच्या आधी गॅस बंद करा, चकत्या त्यात तीन-चार मिनिटं ठेवा. बोटाभोवती गुंडाळली आणि मोडली नाही की काढा. मग सुती कापडावर एकेक पसरा, वरून दुसरं कापड दाबा आणि पंख्याखाली दहा मिनिटं राहू द्या. ही दहा मिनिटं सगळ्यांना नकोशी वाटतात, पण तळ कच्चा राहणं बहुतेक वेळा इथेच टळतं. ते गोड-आंबट पाणी टाकू नका, पुढे लागणार आहे.

पट्टीवर जॅमचा अगदी पुसट हात फिरवा, वर बदामाची थोडी पूड भुरभुरा, ती सुटणारा रस शोषते. चकत्या एकीवर एक चढवत लावा, सालीची बाजू पट्टीच्या बाहेर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. खालची कड वर दुमडा, सैलसर गुंडाळा. आवळून गुंडाळलं तर फुलायला जागाच राहत नाही. मफिनचा साचा धातूचा घ्या, सिलिकॉनचा नको, त्यात तळाला आच पोचत नाही. साचा भरल्यावर वीस मिनिटं फ्रीजमध्ये. मग १९० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, ट्रे खालच्या खाचेत, आणि पाकळ्यांच्या कडा रंगल्या की वरून फॉइल सैल झाका.

गुलाबांबद्दल माझं प्रांजळ मत सांगते. फोटोत ते फार सुंदर दिसतात, मुलांना आवडतात. पण गुंडाळलेल्या पेस्ट्रीला मोकळेपणाने फुलता येत नाही, म्हणजे इतक्या कष्टांनी केलेल्या पदरांचं चीज होत नाही. केळवणाला मानाचं पान द्यायचं असेल तर ते पातळ टार्टला द्या. फ्रेंच मिठाईवाले सफरचंदाचा जो पातळ टार्ट करतात त्यात पेस्ट्री, फळ, बटर आणि साखर यापलीकडे जवळजवळ काहीच नसतं, आणि नीट झाला तर त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही.

तो असा. पेस्ट्री अडीच मिलिमीटर लाटा. लाटून झाल्यावर दोन्ही हातांनी एकदा अलगद उचलून परत ठेवा, म्हणजे जे आकसायचं ते आत्ताच आकसेल. त्यावर १८ सेंटीमीटरची स्टीलची ताटली उपडी ठेवून धारदार सुरीने कडेने कापा. सुरी वरून खाली दाबा, ओढू नका, ओढलं की कडेचे पदर एकमेकांना चिकटतात. बटर पेपरवर ठेवून कडेची बोटभर जागा सोडून काट्याने सगळीकडे टोचा. बदामाची पूड चमचाभर पसरा. गोल्डनच्या दोन मिलिमीटरच्या सोललेल्या चकत्या बाहेरून आत वर्तुळात, प्रत्येक चकती आधीचीला दोन तृतीयांश झाकेल अशी लावा. इथे चकत्या साखरपाण्यात घालायच्या नाहीत. पातळ असल्याने त्यांचं पाणी भट्टीतच उडून जातं. वरून वितळलेलं बटर ब्रशने लावा, दोन चमचे साखर पेरा आणि तबकडी थेट फ्रीजरमध्ये पंधरा मिनिटं.

भट्टी २१० अंशांवर निदान वीस-पंचवीस मिनिटं तापलेली हवी, आणि रिकामा ट्रे आतच तापत ठेवलेला हवा. टार्ट कागदासकट त्या तापलेल्या ट्रेवर सरकवा. तळाला एकदम आच लागली की खालचे पदर भिजायच्या आधीच शिजतात. पंधरा मिनिटांनी १९० वर आणून आणखी वीस मिनिटं. उलथन्याने कड उचलून तळ बघा. तो गडद सोनेरी, बदामी रंगाचा दिसला पाहिजे. वरून छान दिसतंय म्हणून फिकट तळावर थांबलात तर खाताना मैदा लागतो.

ट्रेमध्ये बटर वाहून येण्याचं कारणही भट्टीतच असतं बऱ्याचदा. घरगुती ओटीजीचं बटण २०० दाखवतं तेव्हा आत १७० असू शकतात. मग पेस्ट्रीतल्या पाण्याची वाफ व्हायच्या आधी बटर वितळून बाहेर येतं. भट्टीत ठेवायचा छोटा थर्मामीटर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या केकच्या सामानाच्या दुकानांत मिळतो, तो घ्याच. या सगळ्या उद्योगात याच्याइतकी उपयोगी खरेदी दुसरी नाही. वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा, पहिली पंधरा मिनिटं दार उघडू नका, आणि एका वेळी एकच ट्रे.

उलटा टार्ट, म्हणजे टार्ट तातँ, करायचा मोह होईल. फ्रान्समधल्या लमॉत-बव्रों गावात स्तेफानी आणि कारोलीन तातँ या बहिणी हॉटेल चालवत, त्यांच्यामुळे तो प्रसिद्ध झाला. मुंबईत त्याची एकच अट मी कडक पाळते. बिडाच्या किंवा जाड बुडाच्या, भट्टीत चालेल अशा २० सेंटीमीटरच्या भांड्यात १२० ग्रॅम साखर तांबूस होईपर्यंत वितळवा, ७० ग्रॅम बटर घाला, सहा-सात सफरचंदांच्या मोठ्या फोडी उभ्या गच्च रचा आणि मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा, कडेने रस दाट होऊन बुडबुडे जाड दिसेपर्यंत. मग हे सगळं पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम फळावर पेस्ट्री ठेवली तर भट्टीत जायच्या आधीच बटर वितळतं. गार झाल्यावर फ्रीजरमधली पेस्ट्रीची तबकडी वर ठेवा, कडा आत खोचा, मध्ये चीर द्या, १९० वर ३५ मिनिटं. बाहेर काढून दहा-बारा मिनिटांनी उलटा. लगेच उलटलात तर पातळ कॅरॅमल वाहून जाईल, फार थांबलात तर भांड्याला चिकटेल.

करंजीच्या आकाराचे फ्रेंच शोसाँ सोपे आहेत आणि आपल्या हातांना त्यांची सवयच आहे. सफरचंदाचं सारण घट्ट आटवा. कढईच्या तळाशी उलथन्याने रेघ ओढली आणि ती लगेच भरून आली नाही की झालं. पेस्ट्रीच्या कडा पाण्याच्या बोटाने चिकटवा, वाफ जायला वर एक भोक ठेवा.

अंडं चालत असेल तर वरून लावायला पिवळा बलक आणि चमचाभर दूध. नसेल तर साय फेटून दुधात पातळ करा, चिमूटभर साखर घाला, रंग छान येतो. काहीही लावलंत तरी ते कापलेल्या कडेवरून ओघळू देऊ नका, तिथले पदर चिकटतात आणि पेस्ट्री एका बाजूने वाकडी फुलते.

चकाकीसाठी जर्दाळूचा जॅम वापरायची पद्धत आहे. मला सालींचा रस जास्त आवडतो. चार सफरचंदांच्या साली आणि मधले गाभे, गुलाबांचं राखून ठेवलेलं ते पाणी, अर्धा तास उकळा. गाळून पुन्हा आटवा. चमच्याच्या पाठीवर थर धरला की उतरवा. सालीत आणि गाभ्यात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे निवल्यावर तो आपोआप जेलीसारखा होतो, आणि रॉयलच्या साली असतील तर रंग फिका गुलाबी येतो. गरम टार्टवर कोमट लावा, हात हलका ठेवा.

मसाला एकच निवडा. दालचिनीची सवय मुंबईकरांना आहेच, फोर्टातल्या यझदानी बेकरीत ॲपल पाय खाल्लेल्यांना तर नक्कीच. पण बटर आणि सफरचंदावर किसलेलं जायफळ फार सुरेख लागतं आणि केळवणाच्या जेवणाशी जुळतंही. वेलची मी घालत नाही, ती सफरचंदाचा वास मारते. सोबत आइस्क्रीम सगळेच देतात. त्याऐवजी चक्का घ्या, श्रीखंडासाठी आणतो तोच, त्यात थोडी पिठीसाखर आणि फेटलेलं क्रीम. त्याच्या आंबटपणाने बटरचा जडपणा कमी होतो.

दमट हवेत भाजलेली पेस्ट्री सादळते, हे मुंबईतलं शेवटचं आणि मोठं संकट. गरम असताना डब्यात भरू नका, तिची स्वतःचीच वाफ तिला मऊ करते. जाळीवर पूर्ण निवू द्या. फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका. बारा माणसांसाठी तीन टार्ट लागतील. आठवडाभर आधी पेस्ट्री करून तबकड्या कापा, मध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गुलाब करणार असाल तर तेही कच्चेच, साच्यासकट गोठवा. गोठलेले थेट भट्टीत जातात, पाच-सात मिनिटं जास्त लागतात एवढंच, आणि खरं तर गोठलेल्या पेस्ट्रीचे पदर अधिक नीट उठतात. त्या दिवशी सकाळी सफरचंदं चिरा, टार्ट रचा आणि दुपारी भाजा. पानं वाढायला घेतलीत की १६० अंशांवर आठ मिनिटं परत गरम करा. चकाकीचा हात त्यानंतर, ताट टेबलावर जायच्या आधी.

कापताना सुरीने दाबू नका, पदर चुरडतात. ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने पुढे-मागे करत कापा, किंवा पिझ्झा कटर असेल तर तोच घ्या.

तबकड्या कापून उरलेली कातरण गोळा करून मळू नका, मळली की पदर गेले. तुकडे एकावर एक चपटे रचा, हलके लाटा, फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी पट्ट्या कापून, वर जिरं आणि मीठ भुरभुरून २०० अंशांवर भाजल्या की चहाला घरच्या बटरची खारी तयार.